देवयानी दीर्घिका आणि आपली आकाशगंगा यांची टक्कर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि तिकडे बिदरकडच्या भालकी-औराद भागात मराठी शाळेच्या पटांगणावर आकाशदर्शनाचा कार्यक्रम झाला, की शनी-गुरूविषयीचे प्रश्न संपल्यावर कोणी ना कोणी हा विषय काढतोच. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींनी त्याला बरेच तिखटमीठ लावलेले असते. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे मुद्दाम लांब ठेवली आहेत, कारण 2025 मध्ये या विषयाचे चित्र बरेच पालटले आणि ते का पालटले हे दोन ओळींत सांगून भागत नाही.

टक्कर नेमकी कोणाची आणि कोणाशी?

आपला सूर्य ज्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहात आहे, त्या आकाशगंगेची, आणि तिच्या शेजारच्या देवयानी या मोठ्या दीर्घिकेची, म्हणजे अशाच दुसऱ्या प्रचंड तारासमूहाची. इंग्रजी पुस्तकांत हिलाच अँड्रोमिडा किंवा एम 31 म्हटलेले आढळते. 31 हा चार्ल्स मेसिए या फ्रेंच निरीक्षकाच्या यादीतील तिचा क्रमांक आहे. दोन्ही दीर्घिका सर्पिल आकाराच्या आहेत. आकाशगंगेच्या तबकडीचा व्यास ढोबळमानाने एक लाख प्रकाशवर्षे आहे आणि तिच्यात किमान दहा हजार कोटी तारे आहेत. देवयानी तिच्याहून रुंद असून तिच्यातील ताऱ्यांची संख्या याच्या कित्येक पट असावी. दोघींमधील अंतर सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे आहे.

ती आपल्या भागातून दिसते का?

दिसते, आणि नुसत्या डोळ्यांनी दिसते. दिवाळीच्या अमावास्येला रात्री आठच्या सुमारास ती ईशान्येकडे बरीच वर आलेली असते, तर कार्तिक अमावास्येच्या आसपास रात्री आठ-नऊ वाजता उत्तरेकडे तोंड करून मान चांगलीच वर केली की ती क्षितिजापासून सुमारे 65 अंशांवर सापडते. आधी भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधावा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातील ताऱ्यापासून ईशान्येकडे जी ओळ निघते, तिच्यातील दुसरा ठळक तारा म्हणजे मिराक. तेथून वायव्येकडे वळून दोन अंधुक तारे ओलांडले, की दुसऱ्या ताऱ्याच्या अगदी लगत एक फिकट, लांबट, कडा नसलेला डाग दिसतो. सरळ रोखून पाहिल्यास तो नाहीसा होतो. नजर किंचित बाजूला ठेवली की परत येतो. साध्या दुर्बिणीतून तो चटकन ओळखता येतो. दीर्घ प्रकाशचित्रांत ही दीर्घिका पूर्ण चंद्राच्या सहापट लांब भरते, पण डोळ्यांना तिचा फक्त मधला तेजस्वी भाग जाणवतो. इराणी निरीक्षक अब्द अल-रहमान अल-सूफी याने 964 च्या सुमारास तिची नोंद 'लहान ढग' अशी केली होती, आणि दुर्बिणीवाचून पाहणाऱ्याला आजही तिचे याहून वेगळे वर्णन सुचणार नाही.

जागा मात्र नीट निवडावी लागते. बेळगाव शहर, उद्यमबाग किंवा महामार्गालगतची निपाणी येथून ती दिसण्याची आशा धरू नये. चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात नेमक्या याच दिवसांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, आणि तोडणी झालेल्या फडात पाचट पेटवले की दोन-दोन दिवस आकाश धुरकट राहते. जांबोटी-कणकुंबीकडचे आकाश उत्तम, परंतु तो भीमगड अभयारण्याच्या लगतचा भाग असल्यामुळे रात्री रानात न शिरता गावातल्याच एखाद्या उघड्या माळावरून पाहावे. भालकी-औरादकडचे सपाट, कोरडे माळरान याबाबतीत जास्त सोयीचे, असे माझे मत आहे.

जो प्रकाश आपण पाहतो तो तेथून 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो, त्यामुळे ती आज जवळ आलेली दिसेल, काही वर्षांनी मोठी दिसेल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. मानवजातीच्या संपूर्ण इतिहासात तिच्या आकारात डोळ्यांना कळेल एवढा फरक पडलेला नाही.

ती आपल्याकडे येत आहे हे कसे कळले?

1912 च्या अखेरीस अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी 24 इंची दुर्बिणीला वर्णपटमापक जोडून या फिकट डागाचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशाचा रंगांत उलगडलेला पट्टा, टिपला. प्रकाश इतका मंद होता, की एका काचपट्टीवर कित्येक तास, कधी एकाहून अधिक रात्री प्रकाश साठवावा लागे. त्या वर्णपटातील रेषा निळ्या बाजूला सरकलेल्या होत्या. प्रकाशाचा स्रोत आपल्याकडे येत असेल, तर असे होते. सरकण्याच्या प्रमाणावरून वेग निघाला सेकंदाला सुमारे 300 किलोमीटर. त्या काळी मोजलेला हा कोणत्याही खगोलीय वस्तूचा सर्वांत मोठा वेग होता. गंमत अशी, की ही वस्तू आकाशगंगेच्या आतली आहे की बाहेरची, हेच तेव्हा ठरलेले नव्हते.

ते ठरायला आणखी दहा-बारा वर्षे गेली. ऑक्टोबर 1923 मध्ये माउंट विल्सन येथील 100 इंची दुर्बिणीने घेतलेल्या काचपट्टीवर एडविन हबल यांनी एका बिंदूपाशी अचानक उजळणारा नवतारा समजून इंग्रजी 'एन' लिहिले होते. जुन्या पट्ट्यांशी ताडून पाहिल्यावर तो ठरावीक काळाने उजळणारा आणि मंदावणारा रूपविकारी तारा निघाला. तेव्हा त्यांनी ते अक्षर खोडून रूपविकारी अशी खूण उद्गारचिन्हासह केली. अशा सेफीड ताऱ्यांचा आवर्तनकाल आणि त्यांचे खरे तेज यांचा संबंध हेन्रिएटा लेव्हिट यांनी आधीच दाखवून दिला असल्यामुळे अंतर काढता आले. हबल यांचे अंतर नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास, म्हणजे आजच्या मानाने बरेच कमी होते. ती चूक वॉल्टर बाडे यांनी सुधारली. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिस शहराचे दिवे मालवलेले असताना माउंट विल्सनवरून देवयानीच्या गाभ्यातले तारे त्यांनी सुटे करून पाहिले, त्यातून ताऱ्यांचे दोन वर्ग लक्षात आले, आणि 1952 मध्ये अंतर दुपटीहून अधिक वाढले.

300 किलोमीटर की 110? दोन्ही आकडे वाचायला मिळतात.

दोन्ही बरोबर आहेत. 300 हा वेग सूर्याच्या सापेक्ष आहे. सूर्य स्वतः आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर वेगाने फिरत असून त्या गतीचा बराचसा भाग सध्या देवयानीच्याच रोखाने आहे. तो वजा केला, की दोन दीर्घिकांच्या केंद्रांचा एकमेकींकडे येण्याचा वेग सेकंदाला सुमारे 110 किलोमीटर उरतो.

विश्व प्रसरण पावत आहे असे शिकवतात. मग ही जवळ कशी येते?

प्रसरणाचा परिणाम फार मोठ्या अंतरांवर जाणवतो. आकाशगंगा, देवयानी, त्रिकोण दीर्घिका आणि इतर कित्येक लहान दीर्घिका मिळून जो 'स्थानिक समूह' होतो, त्यात परस्परांचे गुरुत्वाकर्षण प्रसरणावर केव्हाच मात करून बसले आहे.

अंतराला वेगाने भागले तर 680 कोटी वर्षे येतात. मग 400 कोटी वर्षे कशी सांगतात?

हा प्रश्न बहुधा दहावीतला एखादा विद्यार्थी विचारतो आणि त्याचा हिशेब बरोबर असतो. वेग कायम राहिला असता, तर 680 कोटी वर्षेच लागली असती. परंतु अंतर कमी होत जाते तसे आकर्षण वाढते आणि वेगही वाढत जातो. त्यामुळे दोघी सरळ समोरासमोर येत असल्या, तर काळ 400 ते 450 कोटी वर्षांवर येतो. या वाक्यातली 'तर' फार महत्त्वाची आहे. पुढचे उत्तर तिच्याविषयीच आहे.

पूर्वी 'टक्कर अटळ' म्हणत होते, आता 'टक्कर रद्द' अशी बातमी आली. खरे काय?

दोन्ही मथळे उतावळेपणाचे आहेत. मूळ अडचण अशी आहे, की वर्णपटावरून फक्त आपल्या रोखाने असलेला वेग कळतो. देवयानी त्याच वेळी बाजूला किती सरकत आहे, म्हणजे तिचा आडवा वेग किती आहे, हे वर्णपट सांगत नाही. आडवा वेग शून्याच्या जवळ असेल तर समोरासमोर गाठ पडेल. तो पुरेसा मोठा असेल तर दोघी एकमेकींना वळसा घालून दूर जातील. आणि हा वेग मोजणे किती कठीण आहे, हे आकड्यांतच कळते. एका अंशाचा 3600 वा भाग म्हणजे एक विकला. देवयानीचा आडवा वेग सेकंदाला 57 किलोमीटर धरला, तर ती आकाशात वर्षभरात एका विकलेच्या सुमारे साठ हजाराव्या भागाइतकीच सरकते.

2012 मध्ये रोलँड व्हॅन डर मरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल अवकाश दुर्बिणीच्या काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या प्रतिमा वापरून, देवयानीतील ताऱ्यांची जागा मागच्या अतिदूरच्या दीर्घिकांच्या तुलनेत किती बदलली ते काढले. आडवा वेग आला सेकंदाला अवघा 17 किलोमीटर. त्यावरून टक्कर जवळजवळ समोरासमोर आणि सुमारे 400 कोटी वर्षांनी होणार, असा निष्कर्ष निघाला. तोच पाठ्यपुस्तके, दूरचित्रवाणी आणि चित्रफिती यांतून सर्वत्र पोहोचला. 2019 मध्ये युरोपच्या गाया या उपग्रहाच्या मोजमापांतून सुमारे 57 हा आकडा आला आणि टक्कर थोडी पुढे, थोडी तिरकी सरकली.

जून 2025 मध्ये हेलसिंकी विद्यापीठाचे टिल सावाला आणि सहकारी यांनी वेगळ्या पद्धतीने प्रश्न विचारला. प्रत्येक मोजमापात थोडी अनिश्चितता असतेच: अंतरात, वस्तुमानात, वेगात. एकच 'सर्वांत चांगला' आकडा धरून एकच भविष्य काढण्याऐवजी त्यांनी या अनिश्चिततेच्या मर्यादेतील निरनिराळे आकडे घेऊन संगणकावर एक लाख वेळा हे भविष्य चालवून पाहिले. शिवाय आकाशगंगा आणि देवयानी या दोघींबरोबर त्रिकोण दीर्घिका आणि मोठा मॅगेलन मेघ यांचेही आकर्षण हिशेबात धरले. येत्या 1000 कोटी वर्षांत दोघी एकरूप होण्याची संभाव्यता सुमारे निम्मी निघाली. 400-500 कोटी वर्षांत समोरासमोर टक्कर होण्याची संभाव्यता तर जेमतेम दोन टक्के.

यात मॅगेलन मेघाची भूमिका विशेष आहे. आकाशगंगेच्या वस्तुमानाचा साधारण दहा-पंधरा टक्के भाग असलेली ही उपदीर्घिका आपल्यापासून 1 लाख 60 हजार प्रकाशवर्षांवर आहे, आणि तिची कक्षा आकाशगंगा-देवयानी यांच्या मार्गाला जवळपास काटकोनात आहे. तिच्या ओढीमुळे आकाशगंगा थोडी बाजूला खेचली जाते आणि गाठ चुकण्याची शक्यता वाढते. त्रिकोण दीर्घिकेचा परिणाम उलटा, म्हणजे टक्कर घडवण्याकडे झुकणारा आहे. बेळगावहून मॅगेलन मेघ पाहण्याचा खटाटोप करू नये. डिसेंबरच्या अखेरीस मध्यरात्रीच्या सुमारासही तो दक्षिण क्षितिजापासून जेमतेम चार अंश वर येतो आणि तेवढे अंतर धूळ आणि डोंगरच खाऊन टाकतात.

माझे मत विचाराल, तर 2012 चे मोजमाप चुकीचे नव्हते. त्यातून काढलेल्या निष्कर्षाला जेवढी खात्री चिकटवली गेली, तेवढी ते मोजमाप पेलू शकत नव्हते.

टक्कर झालीच, तर तारे एकमेकांवर आदळतील का?

जवळपास नाहीच. सूर्याच्या जागी बेळगावात साडेतीन मिलिमीटरचा जोंधळ्याचा एक दाणा ठेवला, तर त्याच मापाने सर्वांत जवळचा तारा म्हणजे थेट कोल्हापुरातला दुसरा दाणा. मधे काही नाही. ताऱ्यांच्या अशा दोन विरळ समूहांनी एकमेकांतून आरपार जायचे ठरवले, तरी दाण्यावर दाणा पडण्याचा योग येणे अत्यंत दुर्मीळ. आदळतात ते वायूचे ढग. दोन्ही दीर्घिकांतील ढग एकमेकांत घुसले, की ते दाबले जातात आणि त्यांतून नव्या ताऱ्यांचा जन्म काही काळ झपाट्याने होतो. हा वायू आजच्यापेक्षा तेव्हा कमी उरलेला असणार, त्यामुळे ही आतषबाजी चित्रफितींत दाखवतात तेवढी भव्य होईलच असे नाही.

तारे आदळत नाहीत, तर दोघी आरपार निघून पुन्हा वेगळ्या का होत नाहीत?

याचे उत्तर समजून घ्यायला सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1943 मध्ये मांडलेला विचार उपयोगी पडतो. असंख्य वस्तूंच्या गर्दीतून एखादी जड वस्तू जाऊ लागली, की तिच्या आकर्षणाने त्या वस्तू तिच्या मागे थोड्या दाट होतात, आणि ही मागची दाटी तिला मागे ओढते. प्रत्यक्ष स्पर्श कोठेच नसतो, तरी वेग घटतो. म्हणून याला गतिक घर्षण म्हणतात. प्रत्येक दीर्घिकेभोवती दिसणाऱ्या ताऱ्यांच्या कित्येक पट वस्तुमानाचे कृष्ण पदार्थाचे, म्हणजे न दिसणाऱ्या पण आकर्षण असलेल्या पदार्थाचे, आवरण लांबवर पसरलेले असते. दोन दीर्घिका एकमेकींच्या पुरेशा जवळून गेल्या, तर त्यांच्या गतीची ऊर्जा या आवरणांतील कणांना वाटली जाते, त्या फार दूर जाऊ शकत नाहीत, परत फिरतात, आणि काही फेऱ्यांनंतर एकरूप होतात. दोघींमधील सर्वांत जवळचे अंतर जास्त राहिले, तर घर्षण अपुरे पडते. 2025 च्या हिशेबातील निम्म्या भविष्यांत नेमके हेच घडते.

हे कोणी पाहिलेले नाही, मग सांगतात कशावरून?

एकाच टकरीचा आरंभ आणि शेवट कोणाला पाहता येणार नाही, पण टकरीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर असलेल्या शेकडो दीर्घिका आकाशात आहेत. हॅल्टन आर्प यांनी 1966 मध्ये अशा 338 वेड्यावाकड्या दीर्घिकांचा चित्रसंग्रहच प्रसिद्ध केला. काक तारकासमूहातील 'अँटेना' नावाच्या जोडीत ताऱ्यांच्या दोन लांब शेपट्या बाहेर फेकलेल्या दिसतात; त्या गुरुत्वाकर्षणाच्या भरती-ओहोटीने कशा तयार होतात, हे अलार आणि युरी टूमरे या भावांनी 1972 मध्ये संगणकावर दाखवले.

त्याही आधीचा एक प्रयोग मला फार आवडतो. 1941 मध्ये, संगणक नसताना, स्वीडनमधील एरिक होल्मबर्ग यांनी प्रत्येक दीर्घिकेसाठी 37 याप्रमाणे 74 विजेचे दिवे एका सपाट पृष्ठभागावर मांडले. प्रकाशाची तीव्रता आणि गुरुत्वाकर्षण ही दोन्ही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतात. म्हणून प्रत्येक दिव्याच्या जागी प्रकाश मोजला, की त्या 'ताऱ्या'वरचे एकूण आकर्षण किती आणि कोणत्या दिशेने, ते कळते. मग हिशेबाप्रमाणे दिवा थोडा सरकवायचा, पुढचा मोजायचा, तो सरकवायचा. असे करत त्यांनी दोन दीर्घिकांची भेट पायरीपायरीने पाहिली, आणि जवळून जाताना भरतीचे फाटे फुटतात, वेग घटून एकमेकींना जखडून घेणे शक्य होते, हे दाखवून दिले. शाळेच्या प्रयोगशाळेत चार-सहा दिव्यांवर हे आजही करून पाहता येईल.

दोघींच्या केंद्रांतील कृष्णविवरांचे काय होईल?

आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवर सुमारे 40 लाख सूर्यांइतके, तर देवयानीचे सुमारे 10 कोटी सूर्यांइतके जड आहे. दीर्घिका एकरूप झाल्या, तर कालांतराने दोन्ही कृष्णविवरे नव्या केंद्राकडे सरकून एकमेकांभोवती फिरू लागतील आणि गुरुत्वीय लहरींतून ऊर्जा गमावत अखेर एकत्र येतील.

सूर्याचे आणि पृथ्वीचे काय?

सूर्यमालेला या टकरीची झळ लागण्याची शक्यता फारच कमी आहे. सूर्य केंद्रापासून आजच्यापेक्षा दूरच्या कक्षेत फेकला जाईल, क्वचित एखाद्या शेपटीतही जाईल, पण ग्रह त्याच्याबरोबरच राहतील. खरा धोका सूर्याकडूनच आहे. तो दर 100 कोटी वर्षांत सुमारे दहा टक्क्यांनी प्रखर होत आहे. त्यामुळे साधारण 100 कोटी वर्षांत पृथ्वीवरचे समुद्र टिकणे कठीण होईल, आणि सुमारे 500 कोटी वर्षांनी तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. टक्कर झाली किंवा नाही झाली, तरी मलप्रभेला आणि घटप्रभेला त्याआधीच पाणी उरलेले नसेल.

ब्रह्मदेवाचा दिवस म्हणजे कल्प 432 कोटी वर्षांचा. हा तोच प्रलय नव्हे का?

वारकरी मंडळींपैकी जाणत्या आजोबांनी हा प्रश्न एकाहून अधिक ठिकाणी विचारला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण आकडा खरोखरच जवळचा आहे. परंतु 432 कोटी हा आकडा 43 लाख 20 हजार वर्षांच्या चतुर्युगाला हजाराने गुणून आलेला आहे. त्यात कोणत्याही दीर्घिकेचे मोजमाप नाही. दुसरीकडे 400 कोटी हा आकडा 2012 च्या एका मोजमापावर उभा होता आणि आता तोच डळमळीत झाला आहे. दोन आकडे जुळले म्हणून एकाने दुसऱ्याला आधार दिला असे धरले, तर नवे मोजमाप आल्यावर पुराणही चुकले असे म्हणावे लागेल, आणि ते त्या आजोबांनाही मान्य नसते.

आकाशगंगेची याआधी अशी टक्कर झाली आहे का?

झाली आहे, आणि एक आजही चालू आहे. धनू राशीच्या दिशेला आकाशगंगेच्या पलीकडच्या बाजूस एक बटू दीर्घिका 1994 मध्ये सापडली. आकाशगंगा तिचे तारे ओरबाडून घेत असून त्यांचे पट्टे सगळ्या आकाशाला वेढा घालतात. गायाच्या माहितीवरून 2018 मध्ये असेही कळले, की 800 ते 1000 कोटी वर्षांपूर्वी एक बरीच मोठी दीर्घिका आकाशगंगेत विलीन झाली होती आणि तिचे तारे सूर्याच्या परिसरातूनही ये-जा करतात. पुढची पाळी बहुधा मोठ्या मॅगेलन मेघाची आहे. सुमारे 200 कोटी वर्षांत तो आकाशगंगेत मिसळणे जवळजवळ निश्चित मानले जाते. देवयानीच्या टकरीची एवढी चर्चा होते आणि तिच्याहून खात्रीची असलेली ही घटना कोणी विचारतही नाही, याचे मला नवल वाटते.

निश्चित उत्तर कशावरून मिळेल?

मुख्यतः आडव्या वेगाच्या अधिक अचूक मोजमापावरून, आणि त्याच्या जोडीला मॅगेलन मेघ आणि त्रिकोण दीर्घिका यांच्या वस्तुमानांवरून. गाया उपग्रहाने जानेवारी 2025 मध्ये निरीक्षणे थांबवली असली, तरी त्याने दहा-साडेदहा वर्षांत जमवलेल्या माहितीचा मोठा भाग अजून प्रसिद्ध व्हायचा आहे. सरकणे मोजायचे असल्यामुळे काळ जितका लांब, तितकी चूक कमी. म्हणून जुन्या हबल प्रतिमांच्या जागी पुन्हा नव्या प्रतिमा घेऊन ताडून पाहणेही उपयोगाचे ठरते. अनिश्चितता कमी झाली, की निम्म्याचा आकडा एका बाजूला झुकेल. कोणत्या, ते मोजमापच सांगेल.